कारण अपवादानं द्यायचं

युरेनस हा ग्रह १७८१ साली विल्यम हर्शेलला सापडला आणि पुढची साठ-पासष्ट वर्षं त्यानं खगोलशास्त्रज्ञांना जेरीस आणलं. न्यूटनच्या नियमानं गणित मांडून तो जिथे दिसायला हवा असं निघायचं, तिथे तो नसायचा. कधी थोडा पुढे, कधी थोडा मागे. गुरुत्वाकर्षणाचा नियम साऱ्या विश्वाला लागू आहे, झाडावरून पडणाऱ्या फळाला जो नियम तोच चंद्राला, हे न्यूटननं १६८७ साली मांडलं होतं आणि तोवर ते सर्वमान्यही झालं होतं. मग युरेनसचं काय करायचं? इतक्या लांब हा नियम जरा सैल पडत असेल, असं म्हणून मोकळं होता आलं असतं, आणि तशी शंका काही जाणकारांनी बोलूनही दाखवली होती. पॅरिसच्या ल व्हेरिए या गणितज्ञानं ती वाट धरली नाही. नियम सर्वांना सारखा, तेव्हा युरेनस वेगळा वागतो त्याला काहीतरी कारण असलंच पाहिजे, असं धरून त्यानं तोवर कुणी न ओळखलेल्या एका ग्रहाची जागा कागदावर काढली. २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री बर्लिनच्या वेधशाळेत योहान गाल यानं दुर्बीण तिकडे वळवली, आणि सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत नेपच्यून सापडला. इंग्लंडात जॉन काउच ॲडम्सही त्याच सुमारास याच मार्गानं चालला होता.

बुधाच्या बाबतीत मात्र हीच युक्ती लागू पडली नाही. बुधाच्या कक्षेचं टोक हिशेबापेक्षा शतकाला ४३ विकला जास्त सरकतं, इतका बारीक फरक. ल व्हेरिएनं इथेही एक नवा ग्रह कल्पिला, त्याचं व्हल्कन असं नावही ठरलं, अनेकांनी तो वर्षानुवर्षं शोधला. तो नव्हताच. १९१५ साली आइन्स्टाइननं गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला तेव्हा त्या ४३ विकलांचा हिशेब लागला. म्हणजे या खेपेला नियमच बदलावा लागला. पण दोन्ही वेळा ‘असेल बुवा तो ग्रह वेगळा’ असं म्हणून अपवाद कुणी बाजूला सारला नाही. त्याचं कारण मिळेपर्यंत माणसं त्याच्या मागे लागली.

सार्वत्रिकता या कल्पनेचा खरा उपयोग मला इथे दिसतो. एखादा नियम सर्वांना लागू आहे असं एकदा म्हटलं, की जो त्यातून सुटला किंवा वगळला गेला त्याच्याबद्दल जाब द्यावा लागतो. ‘मलाही द्या’ अशी विनवणी करण्याची गरज उरत नाही. ‘याला का नाही?’ एवढाच प्रश्न उरतो आणि त्याचं उत्तर वगळणाऱ्यानं द्यायचं असतं. ग्रहगोलांबद्दल हे चटकन पटतं. माणसांच्या जगात हा भार बहुधा उलट्या बाजूला पडलेला असतो: आत असलेल्यांना कुणी काही विचारत नाही आणि बाहेर असलेल्यानं आपण आत का यावं हे सिद्ध करत बसायचं. तो भार तिथून उचलून वगळणाऱ्याच्या डोक्यावर ठेवणं, ही गेल्या दोन-अडीचशे वर्षांतली एक मोठी आणि अजून अपुरी राहिलेली लढाई आहे.

इमॅन्युएल कांटनं १७८५ साली नीतीचा विचार याच प्रश्नावरून मांडला. त्याचं उदाहरण अगदी व्यवहारातलं आहे. एक माणूस अडचणीत आहे, परत करता येणार नाहीत हे ठाऊक असूनही ‘नक्की परत करतो’ असं वचन देऊन तो पैसे उसने घेतो. कांट विचारतो, सगळेच असं वागू लागले तर? मग वचनावर कुणी विश्वासच ठेवणार नाही आणि उसनवारीच बंद पडेल. म्हणजे या माणसाला सर्वांनी वचन मोडायला नको आहे. बाकीच्यांनी वचन पाळावं आणि आपल्याला तेवढी सूट असावी, असं त्याला हवं आहे. कांटच्या मते नीतीतली मुख्य खोट हीच, की माणूस सर्वांसाठीचा नियम मान्य करतो आणि स्वतःपुरता गुपचूप अपवाद काढून ठेवतो.

एकट्या माणसाची ही खोड समाजाला लागली की काय होतं ते फ्रान्समध्ये दिसलं. १७८९ च्या जाहीरनाम्यानं माणसं जन्मतः स्वतंत्र आणि समान असल्याचं सांगितलं. दोनच वर्षांनी ओलँप द गूज या लेखिकेनं स्त्रियांच्या हक्कांचा जाहीरनामा लिहून ‘मग आम्ही?’ असं विचारलं. १७९३ साली तिला गिलोटिनवर चढवण्यात आलं. १८४८ साली फ्रान्सनं ‘सार्वत्रिक मताधिकार’ आणला, तो याच नावानं ओळखला गेला आणि त्यात एकही बाई नव्हती. फ्रेंच स्त्रियांना मतदानाचा हक्क १९४४ साली मिळाला. मधली ९६ वर्षं अर्धा देश बाहेर ठेवलेल्या व्यवस्थेला लोक बिनदिक्कत सार्वत्रिक म्हणत होते. त्यात कुणी मुद्दाम खोटं बोलत होतं असं मला वाटत नाही. बायका वगळल्या गेल्या आहेत हे त्यांना दिसतच नव्हतं, आणि जो अपवाद डोळ्यांना दिसत नाही त्याचं कारण कोण मागणार?

तो दिसायला लावण्याचं काम नेहमी बाहेरच्यांनाच करावं लागलं आहे. आपल्याकडे याचा सर्वांत स्वच्छ दाखला महाडचा आहे. चवदार तळ्याची हकिगत मराठी वाचकाला लहानपणापासून ठाऊक असते, पण बहुतेकदा ती सत्याग्रहाच्या दिवसापाशी थांबते. पुढची कोर्टातली दहा वर्षं आपल्या विषयाच्या दृष्टीनं जास्त बोलकी आहेत.

रावबहादूर सी. के. बोले यांच्या ठरावानुसार मुंबई कायदेमंडळानं ४ ऑगस्ट १९२३ रोजी मान्य केलं, की सरकारी पैशानं बांधलेली किंवा राखलेली पाणवठ्याची ठिकाणं, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना वापरू द्यावेत. महाड नगरपालिकेनं ५ जानेवारी १९२४ ला ठराव करून आपलं तळं खुलं केलं. कागदावर विषय संपला. पाण्याला मात्र कुणी अस्पृश्य हात लावू शकत नव्हता. तळ्याभोवती हिंदूंची आणि मुसलमानांची घरं होती आणि ते सगळे पाणी भरत. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकर आणि महाडला भरलेल्या परिषदेला आलेली माणसं तळ्यावर जाऊन पाणी प्यायली. त्यानंतर त्यांच्यावर हल्ला झाला, १०८ घागरींनी तळ्याची ‘शुद्धी’ झाली आणि ४ ऑगस्टला नगरपालिकेनं आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला तेव्हा महाडच्या काही सवर्णांनी कोर्टात दावा लावून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. त्याच डिसेंबरात, २५ तारखेच्या भाषणात, बाबासाहेबांनी महाडच्या परिषदेची सांगड १७८९ साली वर्सायला भरलेल्या फ्रेंच राष्ट्रसभेशी घातली होती आणि परिषदेनं जन्मसिद्ध हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला. वर्साय आणि महाड यांना त्यांनी एका ओळीत बसवलं ते उगीच नव्हे. तिथलं ‘सर्व’ त्यांनी अक्षरशः घेतलं होतं.

दाव्यात वादींनी दोन गोष्टी मांडल्या. एक, हे तळं खाजगी आहे, त्याचं नावच चौधरी तळं. दुसरी, ते खाजगी नसलं तरी फक्त स्पृश्यांनीच पाणी घ्यावं अशी अनादि काळापासूनची वहिवाट आहे. पहिली गोष्ट टिकली नाही. दुसरीवर खटला रेंगाळत गेला. महाडच्या कोर्टात वादी १९३१ साली हरले, ठाण्याला अपिलात १९३३ साली हरले, आणि शेवटी १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांच्यासमोरही हरले. १९२२ साली अहमदाबादेत गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे ते हेच. निकालाचं सार असं, की वहिवाट आहे असं जो म्हणतो त्यानं ती सिद्ध करायची. अलीकडच्या काळात अस्पृश्य तळ्यावर आले नाहीत एवढ्यावरून ती अनादि ठरत नाही. आणि वादींना ती सिद्ध करता आलेली नाही.

या निकालात समतेचा जयघोष कुठेच नाही, सगळी मांडणी पुराव्याच्या कोरड्या नियमांवर आहे. मला तरीही तो मोलाचा वाटतो. इथे शहाजोगपणे ‘आमची रीतच तशी आहे’ म्हणणाऱ्याला पिंजऱ्यात उभं करून विचारलं गेलं, की दाखवा कुठे आहे ती रीत. तळं सार्वजनिक म्हटल्यावर पाणी पिणाऱ्यानं आपला हक्क शाबीत करायचा नव्हता. अडवणाऱ्यानं अडवण्याचा अधिकार शाबीत करायचा होता. अर्थात ही अट कायद्याच्या पुस्तकात कितीही सरळ असली तरी ती अमलात यायला बाबासाहेबांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना जवळजवळ दहा वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. वहिवाट सिद्ध झाली असती तर काय, हा प्रश्न राज्यघटनेनं पुढे निकालात काढला. विहिरी, तळी, स्नानाचे घाट यांचा पंधराव्या अनुच्छेदात नावानिशी उल्लेख आहे, आणि तेराव्या अनुच्छेदानं रूढीलाही कायद्याच्या रांगेत बसवून मूलभूत हक्कांपुढे जाब द्यायला लावलं आहे.

मताधिकाराची गोष्टही याच मार्गानं गेली. ब्रिटिश काळात मत हवं असेल तर आपली लायकी दाखवावी लागे: अमुक इतका सारा भरतो, घरभाडं देतो, प्राप्तिकर देतो, शिकलेला आहे. १९३५ च्या भारत सरकार कायद्यानं मतदार बरेच वाढले, तरी ते तीन-साडेतीन कोटींच्या आसपासच राहिले. त्यात काही बायकांना मत मिळालं ते नवऱ्याच्या मालमत्तेच्या जोरावर. डॉ. आंबेडकरांनी १९१९ साली, सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक असताना, मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीपुढे साक्ष दिली होती. १९२८ साली सायमन कमिशनपुढे बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीनं त्यांनी सरळ प्रौढ मताधिकार मागितला. निरक्षरांना मत कसं द्यायचं, या आक्षेपाला त्यांचं उत्तर असं होतं, की निरक्षर माणूस बुद्धीनं कमी असतो हे गृहीतच चूक आहे आणि साक्षर माणूस जास्त शहाणा असतो हेही. त्याच वर्षी मोतीलाल नेहरू समितीनंही प्रौढ मताधिकाराची शिफारस केली. १९३२ साली लोथियन समितीनं मात्र तो सध्या कारभाराच्या दृष्टीनं अशक्य असल्याचं सांगितलं. एवढ्या माणसांच्या याद्या कोण करणार, हा तिचा प्रश्न होता.

याद्या केल्या गेल्या. घटनासभेच्या सचिवालयानं हा विचार नोव्हेंबर १९४७ मध्येच सुरू केला आणि मार्च १९४८ मध्ये सर्व प्रांतांना आणि संस्थानांना तयारीच्या सूचना गेल्या. राज्यघटना तेव्हा मसुद्यात होती, नागरिक कोण हेही ठरायचं होतं, आणि सरकारी माणसं घरोघर जाऊन एकवीस वर्षांवरच्या प्रत्येकाचं नाव लिहीत होती. फाळणीत घरदार गमावून आलेल्यांचा प्रश्न लगेच उभा राहिला. बाकीच्यांना ठरावीक दिवसांच्या वास्तव्याची अट होती. निर्वासितांकडे वास्तव्याचाही पुरावा नव्हता. ‘इथे कायम राहण्याचा माझा इरादा आहे’ एवढं निर्वासितानं लिहून दिलं की नाव घ्यायचं, असं ठरलं. या निर्णयाचं मोठेपण आज, साध्या सिमकार्डासाठी चार कागद दाखवायची सवय झालेल्या आपल्याला, नीट कळायला हवं. ज्याच्याकडे दाखवायला काहीच नाही त्याचा शब्द राज्यानं पुरेसा मानला.

सुकुमार सेन हे पहिले मुख्य निवडणूक आयुक्त. ऑक्टोबर १९५१ ते फेब्रुवारी १९५२ या काळात झालेल्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत यादीत १७ कोटी ३० लाखांहून जास्त मतदार होते, आणि १९५१ च्या जनगणनेत साक्षरतेचं प्रमाण होतं १८ टक्क्यांच्या थोडं वर. वाचता न येणाऱ्यानं मत कसं द्यायचं, तर प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी ठेवून तिच्यावर त्याचं चिन्ह लावायचं. लोखंडी पेट्या चोवीस लाखांच्या वर लागल्या. त्यांतल्या कितीतरी मुंबईत विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात घडल्या. ज्या अडचणीपुढे लोथियन समिती थबकली होती ती पत्रा, शाई आणि कारकुनांच्या मेहनतीनं सुटली.

या कामात एक मोठी जखम राहिली. उत्तरेत अनेक घरांत दारावर आलेल्या माणसाला बायका आपलं नाव सांगेनात. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढंच सांगत. परक्या पुरुषापुढे स्वतःचं नाव उच्चारणं त्यांच्या रीतीत बसत नव्हतं. आयोगानं ठरवलं, की मतदाराला नाव हवंच. नातं म्हणजे नाव नव्हे. बिहारला एक महिन्याची खास मुदतवाढ दिली, तिथे बरीच नावं मिळाली. तरीही देशातल्या सुमारे आठ कोटी स्त्री-मतदारांपैकी जवळपास २८ लाख बायकांची नोंद अखेर रद्द झाली. त्यांतल्या बहुतेक बिहार, उत्तर प्रदेश, मध्य भारत, राजस्थान आणि विंध्य प्रदेशातल्या होत्या.

आयोगाचं तत्त्व बरोबर होतं, असं मला वाटतं. ‘रामलालची बायको’ म्हणून नोंद झाली असती तर ते मत पुन्हा रामलालच्या खात्यावर गेल्यासारखं झालं असतं; १९३५ च्या कायद्यात नेमकं तेच होतं. पण किंमत कुणी मोजली ते पाहायला हवं. बाईनं नाव सांगू नये ही रीत घातली घरानं आणि गावानं. यादीतून उडाली ती बाई. वगळण्याचं कारण जिच्या हातात नव्हतं तिलाच त्याचा भुर्दंड पडला. आपल्याकडे बायकोनं नवऱ्याचं नाव घ्यायचं ते उखाण्यात, आणि सासरी आल्यावर तिचं स्वतःचं माहेरचं नाव बदलण्याची प्रथाही अनेक घरांत चालत आली. महाराष्ट्रानं बिहारकडे बोट दाखवून समाधान मानावं असं इथे काही नाही.

पुढच्या काळात आयोग या बाबतीत पुष्कळ पुढे गेला. बेघर माणसाकडे पत्त्याचा कागद नसतो, म्हणून मतदान केंद्राचा अधिकारी रात्री त्यानं सांगितलेल्या जागी जातो आणि तो खरोखर तिथे झोपतो का हे पाहून येतो. तसं दिसलं की कागदपत्राची सक्ती नाही. गीरच्या जंगलात बाणेज इथे एका मतदारासाठी वर्षानुवर्षं केंद्र उभारलं गेलं. याउलट, लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या ६२ व्या कलमानुसार तुरुंगात असलेल्याला मत देता येत नाही. शिक्षा झालेल्यांबद्दल वाद घालता येईल. पण यात कच्चे कैदीही येतात, ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा आहे. त्याच आरोपातला एक जामिनावर सुटून मत देतो, दुसऱ्याकडे जामिनाचे पैसे नाहीत म्हणून तो देऊ शकत नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९९७ साली हे कलम योग्य ठरवताना बंदोबस्ताची आणि साधनांची अडचण हेही एक कारण दिलं. १७ कोटींची यादी बनवणाऱ्या देशाला हे कारण शोभत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

जगाच्या पातळीवर हाच वाद ‘मानवी हक्क सार्वत्रिक आहेत की पाश्चात्त्य?’ असा चालतो. १० डिसेंबर १९४८ ला पॅरिसमध्ये मानवी हक्कांचा सार्वत्रिक जाहीरनामा ४८ विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाला, आठ देश तटस्थ राहिले. मसुदा करणाऱ्यांत अमेरिकेच्या एलिनॉर रूझवेल्ट आणि फ्रान्सचे रने कासँ होते, तसे चीनचे चांग, लेबनॉनचे मलिक, चिलीचे सांता क्रूझ आणि मुंबईच्या हंसा मेहताही होत्या. पहिल्या अनुच्छेदात ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघेल असा इंग्रजी शब्द होता, त्यात बायका आल्याच असं रूझवेल्ट धरून चालल्या होत्या. हंसाबेन अडून बसल्या आणि ‘सर्व मानव’ करून घेतलं. फ्रान्सच्या त्या ९६ वर्षांची आठवण असलेल्या कुणालाही त्यांचा आग्रह समजेल.

आक्षेप सगळेच खोटे नव्हते. अमेरिकेतल्या मानववंशशास्त्रज्ञांच्या संघटनेनं १९४७ सालीच इशारा दिला होता, की बलाढ्य संस्कृती आपल्या चालीरीतींनाच सर्वांचे नियम म्हणून इतरांवर लादतील. वसाहतींखाली असलेल्या कोट्यवधी माणसांना त्या मतदानात आवाज नव्हता, हेही खरं. तरी इथेही मी तोच प्रश्न विचारेन: अपवाद मागतोय कोण? १९४६ साली भारतानं दक्षिण आफ्रिकेतल्या हिंदी लोकांना मिळणारी वागणूक संयुक्त राष्ट्रांत नेली, तेव्हा ‘हा आमचा अंतर्गत प्रश्न’ असं तिथल्या गोऱ्या सरकारनं सांगितलं. ज्यांना वेगळं वागवलं जात होतं त्या माणसांनी असा अपवाद कधीच मागितला नव्हता. १९४८ च्या आठ तटस्थांत दक्षिण आफ्रिका होतीच. त्याच १९४६ साली डॉ. आंबेडकरांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना पत्र लिहून, निग्रो समाजानं संयुक्त राष्ट्रांना केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या. अस्पृश्यांच्या वतीनं तसंच करण्याचा त्यांचा विचार होता. त्याच्याही आधी, १८७३ साली, जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामी नष्ट करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केलं होतं. पुण्यातल्या शूद्रातिशूद्रांचं दुःख आणि अमेरिकेतल्या गुलामांचं दुःख एका मापानं मोजता येतं, हे त्यांना कुणी पाश्चात्त्यानं शिकवावं लागलं नाही.

आणि म्हणूनच २००१ ची गोष्ट टोचते. दक्षिण आफ्रिकेतल्याच डर्बनला वंशभेदाविरुद्धची जागतिक परिषद भरली, दलित संघटनांनी जातिभेदाचा विषय तिथे मांडावा म्हणून धडपड केली, आणि भारत सरकारनं जात म्हणजे वंश नव्हे, हा आमच्या घरातला प्रश्न आहे, अशी बाजू घेतली. त्याच्या पंचावन्न वर्षं आधी, १९४६ साली, आपण ज्या उत्तराविरुद्ध उभे राहिलो होतो तेच उत्तर आपल्या तोंडी आलं.

हक्कांच्या उंचीवरून रेशनच्या दुकानात उतरलं तरी प्रश्न तोच राहतो. १९९७ पर्यंत रेशनची व्यवस्था बहुतांशी सर्वांसाठी होती. त्या वर्षी ती ‘लक्ष्यित’ झाली, म्हणजे गरिबांपुरती. महाराष्ट्रात १९९९ पासून पिवळी, केशरी आणि पांढरी अशी कार्डं आली. पिवळ्यासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १५,००० रुपयांच्या आत हवं होतं. घरात टेलिफोन नको, चारचाकी नको. श्रीमंतांनी गरिबांचं धान्य खाऊ नये हा हेतू चांगलाच. पण त्यामुळे आपण गरीब आहोत हे सिद्ध करण्याचं काम गरिबावर आलं. शेतमजुराला पगाराची स्लिप नसते, तो उत्पन्नाचा दाखला कुठून आणणार? तलाठ्याकडे चकरा, सेतू केंद्रात चकरा, त्यात मजुरी बुडते, आणि ज्याची ओळख आहे त्याचा दाखला आधी निघतो. तमिळनाडूनं तांदूळ सर्वांसाठी ठेवला. तिथे सधन घरालाही कार्ड मिळतं हे खरं, पण गरीब घराला कुणापुढे गरिबीचा पुरावा द्यावा लागत नाही. माझा कौल या दुसऱ्या पद्धतीला आहे, तिचा खर्च मान्य करूनही.

आणि खर्चाचा प्रश्न सोडवूनही सर्वांसाठीची योजना करता येते, हे महाराष्ट्रानंच दाखवलेलं आहे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यात १९६५ च्या सुमारास छोट्या प्रमाणावर करून पाहिलेली कल्पना १९७२ च्या दुष्काळात राज्यभर पसरली आणि २६ जानेवारी १९७९ पासून रोजगार हमीचा कायदा म्हणून अमलात आली. अठरा वर्षांवरच्या ज्या कुणाला अंगमेहनतीचं काम करायचं असेल त्यानं मागावं आणि सरकारनं ते द्यावं. नाही दिलं तर बेकार भत्ता द्यावा. जात विचारायची नाही, जमीन किती ते विचारायचं नाही, उत्पन्नाचा दाखला नाही. पाझर तलावाच्या भरावावर उन्हात माती वाहायला किंवा खडी फोडायला जो येतो त्याला गरज आहे, हे वेगळं कशाला सिद्ध करायचं? कामावर बायका मोठ्या संख्येनं आल्या आणि मस्टरवर त्यांची हजेरी त्यांच्या स्वतःच्या नावानं लागली. काम नाकारायचं तर कारण सरकारनं द्यायचं, असा भार कायद्यानंच फिरवून ठेवला. २००५ साली देशभरासाठी झालेल्या कायद्याला हा अनुभव आधार म्हणून होता.

पैसा आला तो १९७५ च्या व्यवसाय करातून. मुंबई-पुण्यातल्या नोकरदाराच्या पगारातून दर महिन्याला २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, असे वर्षाला २,५०० रुपये ‘पीटी’ म्हणून कापले जातात, त्या कराचा जन्म या हमीसाठी झाला. मात्र हमी होती ग्रामीण भागापुरती आणि ‘क’ वर्ग नगरपालिकांपुरती. विदर्भातला किंवा मराठवाड्यातला मजूर काम सुटलं म्हणून पुण्यात बांधकामावर आला, की गावाची हद्द ओलांडताना ती हमी मागे राहते. नाक्यावर सकाळी सातला कामासाठी उभ्या असलेल्या माणसाला ती का लागू नाही, याचं कारण या कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही.